करंगळी तेवढी जिवंत

सत्यवतीले चटका बसत नाही, ही गोष्ट आमच्या सक्करदऱ्यात शेंबड्या पोट्ट्यालेही ठाऊक होती. तापलेल्या मडक्यावर पोळी शिजली की ती अंगठा आन् दोन बोटं लावून सर्रकन उचले, जशी आपण दोरीवरची वाळलेली ओढणी ओढतो. ना चिमटा, ना फडकं. पाहणाऱ्याचा जीव वरखाली होई, आन् ही आपली दुसरी पोळी टाकून मोकळी. लोकं म्हणत, बाईनं इस्तो बांधला. इस्तो म्हणजे विस्तव. तो बांधला की मंग तो आपल्याले जाळत नाही, असं आमच्याकडची जुनी माणसं मानतात.

मी यमुना, पण सारे यमुताई म्हणतात, सत्यवती तेवढी यमे म्हणते. माही आन् तिची भिंत एकच. लांब पोळीच्या धंद्यात कणीक माही आन् हात तिचे, असं आमचं पहिल्यापासून ठरलेलं. ज्यानं लांब पोळी पाह्यली नसन त्याच्यासाठी सांगते. गव्हाची कणीक इतकी सैल भिजवतात की ती हातावरून ओघळते. तिले आपटून आपटून तार आणावी लागते, खांदे भरून येतात. मंग सत्यवती एक गोळा घेई, या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवे आन् चुलीवरच्या उपड्या मडक्यावर फेके. लग्न असो, जावळं असो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं करीचं मटण असो, मारोतभाऊले फोन आल्याशिवाय राहत नसे. मारोतभाऊ म्हणजे मारोतराव, तिचा नवरा. ऑर्डरी घेणं आन् चुलीपासून दूर उभं राहून बायकोची तारीफ करणं, ही त्याची दोन कामं.

सत्यवती कुहीकडची. धानाच्या बांधीत रोवणं करत वाढलेली, लग्न होऊन इथं आली आन् सासूजवळ पोळी शिकली. बोलणं कमी, पण हट्टी अशी की काय सांगू! पोळी एका बाजूनं जाड झाली की ती गिऱ्हाइकाच्या टोपल्यात जात नसे, गाईच्या तोंडात जाई. मी ओरडे, "अवं, खाणाऱ्याले काय समजते?" ती म्हणे, "मले समजते ना." संपलं बोलणं.

मधल्या काळात तिच्या उजव्या हाताले मुंग्या यायच्या. झोपेतून उठून ती हात असा झटके, जसा ओल्या हाताचं पाणी झटकतो आपण. ब्लाऊजचं बटन लावता येत नाही म्हणून माह्याकडे येई. आम्ही काय नाही केलं? लसणाचं तेल चोळलं, मिठाची पुरचुंडी तापवून शेक देला, मनगटात काळा धागा बांधला. कोणी म्हणे वात आहे, कोणी म्हणे नजर आहे. दवाखान्यात काही आम्ही गेलो नाही, कारण हात चालून राहिला होता. आन् एका वर्षी मुंग्या आपोआप थांबल्या. दुखणंही गेलं. आम्ही वाजतगाजत देवीले नारळ फोडला, मीच प्रसाद वाटला. त्याच नवरात्रात सत्यवतीनं पहिल्यांदा फडकं बाजूले ठेवलं आन् पोळी बोटानं उचलली. मारोतभाऊ तर हवेत गेला. "देवीनं दुखणं नेलं आन् वर देला," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याले सांगे. बोटाले कधी फोड येत, पण ते तिले दुखत नसत. तर तो म्हणे, पाहा, दुखणं देवी सोसून राहिली.

एक होतं, पोळी उचलताना ती करंगळी वर ठेवे, चहाचा कप धरणाऱ्या साहेबासारखी. "काहून वं?" विचारलं तर म्हणे, "ती माही नाजूक आहे." शिकाले येणाऱ्या पोरीही मंग करंगळी वर करू लागल्या. तशी रीतच पडली. कोणीतरी रील काढलं, तर त्यात खाली लोकायनं लिहिलं, काय नजाकत आहे!

नजाकत म्हणे. आता आठवलं की माहं डोस्कं फिरते.

नूपुर तिची एकुलती एक पोरगी. शहराच्या दुसऱ्या टोकाले, वाडीले देली आहे. जावई तिथं ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर आहे, माणूस चांगला. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, पोरगा झाला. बारशाले रजत नाव ठेवलं. सत्यवतीले मी इतकं बोलताना कधीच पाह्यलं नव्हतं. पोट्ट्याचं नाक कोणावर गेलं, कान कोणावर गेले, दिवसभर तेच. सुरुवातीले मालिशवाली बाई येई, तीच न्हाऊ घाले. एक दिवस तिच्या घरी काही झालं आन् ती आली नाही. सत्यवती म्हणे, "बरं झालं. आज मीच घालते. माहा नातू आहे, तिचा आहे काय?"

न्हाणीत पाटावर ती पाय लांब करून बसली. पोट्ट्याले पायावर घेऊन तिनं चोळावं आन् मी लोट्यानं पाणी घालावं, असं ठरलं. गंजातलं, म्हणजे पातेल्यातलं, कढत पाणी तिनं बकेटीत ओतलं, वरून थोडं विसण घातलं, दोन बोटं बुडवून ढवळलं. करंगळी वर. "झालं कोमट," म्हणे. "आण वं नूपुर."

नूपुर तेल लावलेलं उघडं पोट्टं घेऊन वाकली. मी लोटा बुडवला. पाणी माह्या मनगटावर आलं आन् मी अशी किंचाळली की शेजारची कुत्री भुंकाले लागली. लोटा भिंतीवर जाऊन आदळला. "अवं माय! मागं घे त्याले, मागं घे!" ते पाणी कोमट नव्हतं. त्या पाण्यात चहा झाला असता. नूपुरनं पोट्ट्याले छातीशी ओढलं, ते घाबरून रडाले लागलं, मी मनगट धरून थयथय नाचून राहिली.

आन् सत्यवती? तिची दोन बोटं अजून बकेटीतच होती. ती आमच्याकडे पाहून म्हणते, "काय झालं वं? काहून ओरडून राहिली?"

मी तिचा हात धरून बाहेर ओढला. उकडलेल्या बटाट्याची साल सुटते, तशी बोटाची कातडी सुटून आली होती. नूपुर पाहून राहिली होती. पोट्ट्याच्या अंगावर एक थेंब पडला नाही, पण तिचा चेहरा असा झाला होता जसं सारं पाणी त्याच्यावरच पडलं. ती हळूच म्हणे, "आई, तू त्याले हात नोको लावू."

संध्याकाळी जावई गाडी घेऊन आला आन् ती वाडीले निघून गेली. सव्वा महिनाही झाला नव्हता. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्याआधी माहेराहून जात नाही, गेली तर लोकं दहा गोष्टी विचारतात. पण कोणत्या तोंडानं थांबवणार? सत्यवती ओट्यावर बसून राहिली. बऱ्याच वेळानं मले म्हणे, "यमे, पाणी खरंच कढत होतं काय?" मले तिचा रागही येई आन् रडूही येई. मी म्हटलं, "हाव बाई, खरंच होतं."

मारोतभाऊ म्हणे, नजर लागली, रीलमुळं. मी म्हटलं, "गप बसा तुम्ही." आन् तिले ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. भाजलेल्या बोटाची पट्टी करणाऱ्या सिस्टरनं तिचा तळहात उलटासुलटा पाह्यला आन् म्हणे, फोड वाळले की हाडाच्या डॉक्टरले दाखवा, हे भाजण्याचं काम नाही दिसत. मले पटलं नाही. हाड कुठं मोडलं होतं? तरी गेलो.

हाडाच्या ओपीडीत जत्रा होती. कोणाचा गुडघा बदललेला, कोणाचा खांदा जाम, एका मास्तरचं बोट वाकलं की कट्कन अडकून राही. भैरवी मॅडम म्हणून डॉक्टर होत्या, वयानं आमच्या नूपुरएवढ्या. त्यायनं सत्यवतीचे दोन्ही तळहात टेबलावर उपडे-सुलटे ठेवून घेतले आन् आम्हाले म्हणे, "या अंगठ्याखाली पाहा." डाव्या हातावर अंगठ्याखाली जसा गुबगुबीत उंचवटा असतो तसा होता. उजव्यावर खड्डा होता. चक्क खड्डा, हाड दिसे असा! इतकी वर्षं मी त्या हाताजवळ बसली आन् मले तो दिसला नाही.

"मावशी, डोळे मिटा," मॅडम म्हणे. सुईचं टोक त्यायनं अंगठ्याले लावलं. सत्यवती गप्प. दुसऱ्या बोटाले टोचलं, गप्प. मधल्या बोटाले टोचलं, रक्ताचा ठिपका आला, तरी ही आपली देवळात बसल्यासारखी शांत. मंग करंगळीले टोचलं, आन् "अवं माय!" करून तिनं हात ओढला. डोळे उघडून मॅडमले म्हणे, "काय करता जी!" करंगळीजवळच्या बोटाचं तर अजबच, त्याची अर्धी बाजू जागी आन् अर्धी झोपलेली. पाच बोटाचा हात, त्यात करंगळी तेवढी जिवंत.

मॅडमनं मारोतभाऊले विचारलं, "काम करताना त्या हे बोट वर ठेवतात का?" मारोतभाऊनं हौसेनं आपली करंगळी वर करून दाखवली आन् ती तशीच राहिली. ती नजाकत, ते साहेबासारखं कप धरणं! बाईले एकाच बोटाले चटका बसे, म्हणून ती ते वाचवून राहिली होती. आन् आम्ही पोरीयले ते शिकवलं.

मंग मॅडमनं समजावून सांगितलं. मनगटात हाडाची एक वाटी असते, तिच्यावर जाड पट्टा ताणलेला असतो. त्या दोघायच्या मधून बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या जातात आन् त्यायच्याच संगं एक नस जाते. मनगट सारखं वळवून वळवून दोऱ्या सुजतात, जागा तेवढीच राहते. इतवारीच्या गल्लीत हमाल माल घेऊन घुसले की पायी जाणारा माणूस जसा भिंतीले चेपून जातो, तशी ती नस चेपते. अंगठा आन् त्याच्या बाजूच्या बोटायले जाण देणारी नस तीच. करंगळीची नस वेगळ्या रस्त्यानं जाते, म्हणून ती वाचली. रक्त तपासलं तर थायरॉईडही निघालं. त्यानंही अशी सूज येते म्हणे.

"पहिले मुंग्या येत होत्या का?"

"येत होत्या जी," सत्यवती म्हणे. "मंग देवीनं थांबवल्या."

मॅडमनं तिच्या अंगठ्याखालचा खड्डा पुन्हा दाबून पाह्यला. मंग म्हणे, "मावशी, मुंग्या येत होत्या तोपर्यंत नस ओरडत होती. थांबल्या तेव्हा ती बरी नाही झाली. तिचा आवाज बंद झाला. तुम्ही तेव्हाच यायला हवं होतं."

मले तो नारळ आठवला. तो प्रसाद आठवला, जो मी ओंजळी भरभरून वाटला होता. नस मरून राहिली होती आन् आम्ही खोबरं खाऊन राहिलो होतो! असा संताप आला की कोणावर काढावा हेच समजे ना.

करंट देऊन नसेची तपासणी झाली. त्याच्यात करंट मनगटापाशी येऊन जवळजवळ अडकूनच जाई. मॅडम म्हणे, ऑपरेशन लागन. तळहातावर छोटा चिरा घेऊन तो पट्टा कापायचा, नस मोकळी करायची. पण अंगठ्याखालचं जे मांस गेलं ते बहुतेक परत भरणार नाही. म्हणून त्याच वेळी मनगटाच्या मधोमध असणारी एक बारीक दोरी वळवून अंगठ्याले जोडायची, म्हणजे अंगठा बोटासमोर येईन, पकड येईन. ती दोरी काढली तरी हाताचं काही अडत नाही. कोणाकोणाच्या हातात तर ती जन्मापासूनच नसते. ती पाहायची कशी? अंगठा आन् करंगळी टेकवून मनगट वाकवायचं. सत्यवतीचा अंगठा करंगळीपर्यंत पोचेच ना, मॅडमनं धरून टेकवला, तर दोरी वर आली. साऱ्या ओपीडीनं आपापली मनगटं वाकवून पाह्यली. माह्या डाव्या हातात दोरीच नाही! मी एवढ्या जोरात "माहीवाली चोरीले गेली जी!" म्हटलं की तो मास्तर आपलं अडकलेलं बोट विसरून हसला.

बाहेर आल्यावर मारोतभाऊ कडुनिंबाखाली उभा राह्यला आन् त्यानं जे म्हटलं, ते ऐकून मी चाट पडली. म्हणे, "वहिनी, लग्नाचा सीझन तोंडावर आहे. आन् जाण परत आली तर तिले चटके बसतीन. देवीचं देणं आपण कापून टाकाचं काय?"

"देणं?" मी म्हटलं. "मारोतभाऊ, तुमच्या हाताचं मांस वाळून खड्डा पडला असता तर देणं म्हटलं असतं काय? तुमच्या नातवाचं पाय-पोट सोलून निघालं असतं तवा कोणते ढोल वाजवले असते?" लोकं पाहाले लागले, पण मी थांबली नाही. "बायकोचा हात मेला आन् तुम्ही त्याची जाहिरात केली! लाज नाही वाटत?"

त्याले वाईट कराचं नव्हतं, हे मलेही समजे. तो खरंच मानून बसला होता. सत्यवतीनं माहा पदर ओढला. नवऱ्याकडे पाहून ती एवढंच म्हणे, "मले पोट्ट्याले हात लावाचा आहे. मडक्याले नाही." मारोतभाऊ मान खाली घालून ऑटो पाहाले गेला.

ऑपरेशनले तिले झोपवलं नाही, फक्त हात बधिर केला. मी बाहेर देवाचं नाव घेत बसली, आन् नारळाचा नवस मात्र तोंडातून निघे ना. ती बाहेर आली तर हाताले पट्टी आन् तोंडावर हसू. म्हणे, "मॅडम आपसात बोलून राहिल्या होत्या, नस पार चपटी झाली म्हणे, कणकेसारखी." मॅडमनं आम्हाले साफ सांगितलं होतं, हमी देत नाही, नस लय दिवसाची चेपलेली आहे. जाण आली तर हळूहळू येईन, नाही तर येणारही नाही. चुलीजवळ जायचं नाही. गरम ठंडं डाव्या हातानं पाहायचं.

मंग प्लास्टर, मंग टाके काढणं, मंग व्यायाम. थाळीत वाटाणे आन् तूर मिसळून एकेक दाणा वेचायचा. पहिल्या दिवशी तिनं वाटाणा पकडला आन् तो उडून मारोतभाऊच्या चहात पडला. अंगठा तर लवकर वळाले लागला, त्या दोरीनं काम केलं. पण जाण येई ना. ती रोज डोळे मिटून मले म्हणे, "लाव." मी बोटाले बोट लावे. ती चूक सांगे. कधी मी लावतच नसे, तरी ती म्हणे, "हे, मधलं." मी खोटं "हाव" म्हणे आन् तिले ते बरोबर समजे. पोळीच्या ऑर्डरी आम्ही चिमट्यानं भागवल्या. पोरीयचे हात मी स्वतः खाली दाबले, म्हटलं, करंगळी वर दिसली तर पोळपाट घालीन डोक्शात.

या साऱ्या काळात नूपुर फोन करे. आईची चौकशी करे, ऑपरेशनच्या दिवशी येऊनही गेली, पण पोट्ट्याले घरी ठेवून. सत्यवतीनं एका शब्दानं म्हटलं नाही की आण. मी एकदा नूपुरले फोनवर चांगलं झापलं, तर पोरगी रडाले लागली. म्हणे, "मावशी, मी काय करू? डोळे मिटले की ती बकेट दिसते." चूक तिची थोडीच होती.

रजतच्या उष्टावणाले आम्ही वाडीले गेलो. भात भरवण्याचा कार्यक्रम झाला, पाहुणे जेवून गेले, घरची माणसं राहिली. नूपुरनं आईले चहा देला, पाटावर बसवलं, सारं मानानं केलं. पण पोट्टं आपलं तिच्या कमरेवर. सत्यवती दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली होती, जसं कोणाचं काही चोरून आणलं. मले ते पाहवे ना. जावयानं नूपुरले कशासाठी तरी हाक मारली, तशी तिनं रजतले सतरंजीवर सोडलं आन् दारापर्यंत गेली.

पोट्टं रांगत निघालं ते थेट आजीकडे. तिनं त्याले बोलावलं नाही, आपल्या देवाशपथ सांगते, ती तर मागं सरकली. त्यानं तिचा पदर ओढला, खालून तिचा उजवा हात काढला आन् बोट तोंडात घातलं. खालचे दोन दात नुकतेच आले होते त्याचे.

"अवं माय वं!" सत्यवती अशी ओरडली की माह्या हातातली बशी पडली. नूपुर धावत आली, पांढरीफटक. "काय झालं? काय केलं त्याले?"

"चावला!" सत्यवती म्हणे. तिच्या डोळ्यातून धारा लागल्या होत्या. "चावला वं मले! दुखलं!"

मारोतभाऊ उठून उभा राह्यला आन् काय करावं हे न समजून पुन्हा बसला. नूपुर आईसमोर खाली बसली. तिनं तिचा हात हाती घेतला, त्यावर दाताचे दोन ठसे होते, उजव्या हाताच्या दुसऱ्या बोटावर. ती म्हणे, "आई, डोळे मीट." सत्यवतीनं मिटले. नूपुरनं नखानं अंगठ्याले टोचलं.

"अंगठा."

"आता?"

"चावलेलं बोट."

मधल्या बोटाले टोचलं तर ती थांबली. लय वेळ थांबली. मंग म्हणे, "हे नाही समजत अजून. खरं सांगते, नाही समजत."

नूपुरनं नाक पुसलं, रजतले उचललं आन् आईच्या मांडीवर ठेवलं. "पकड नीट, लय वळवळते," म्हणे. आन् गॅसवर ठेवलेलं दूध पाहाले आत निघून गेली. तिनं मागं वळून पाह्यलं नाही.